निळ्या कागदातली साखर

रविवार, ५ मे १९९६
ताबांत, बाजारामागच्या खोलीतून

दादा,

सगळं बदललं ते मार्चमध्ये नव्हे. तुला वाटतं, मी परीक्षेतून उठून आलो त्या दिवशी माझं डोकं फिरलं. ते त्याआधी पाच महिने फिरलं होतं. ऑक्टोबरच्या सुट्टीत, अस्समर गावाखालच्या ओढ्यात, सकाळी दहाच्या सुमाराला एका मुलीने माझ्या खेचरीच्या खुरातला खडा काढून माझ्या हातावर ठेवला. तो क्षण. पुढचं सगळं आपोआप उताराला लागलं.

सुट्टीत मी अस्सूकाकाच्या खेचरांबरोबर हिंडत होतो. तूच म्हणाला होतास, घरात लोळण्यापेक्षा बरं. पाहुणे काकाबरोबर पुढे गेले होते आणि आपली करडी ओढ्याच्या मधोमध उभी राहिली. हलेना. मी ओढलं, शिव्या घातल्या, शेवटी काठी उचलली. तेवढ्यात मागून आवाज आला, "मार, मार. तिला मारून झालं की ओढ्यालाही मार. वाटेत आलाय ना तो."

तिच्या पाठीवर चाऱ्याचा भारा होता, त्यामुळे ती वाकलेली, आणि वाकूनच माझ्याकडे तिरकं बघत होती. भारा तिने खडकाला टेकवला. करडीचा पुढचा उजवा पाय उचलून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला, शालीची चांदीची पिन काढली आणि हरभऱ्याएवढा खडा उकरून काढला. "आधी खूर बघायचा, मग चिडायचं," ती म्हणाली. "तुमच्या कॉलेजात उलटं शिकवतात वाटतं."

कॉलेजचं तिला कसं कळलं म्हणून विचारलं, तर म्हणते, "असले बूट घालून ओढ्यात कोण उतरतं?"

नाव तुदा. अस्समरच्या झायदकाकांची मुलगी. आपले पाहुणे वाटेत ज्यांच्या घरी उतरतात तेच झायदकाका.

खडा अजून माझ्या खिशात आहे. हस तू.

बाकी मी मजेत आहे. मला कशाची गरज नाही. तसा गैरसमज करून घेऊ नकोस. या खेपेला पहिल्यांदाच मी वाटाड्या आहे. अस्सूकाका आता माझ्या हाताखाली, म्हणजे तो तसं म्हणतो आणि मग स्वतःच हसतो. "साहेब, आज कुठून उजाडायचं?" असं सकाळी विचारतो. चार पाहुणे आहेत. एक नवराबायको, एक फोटो काढणारा, आणि ओदीलबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका. त्या चौसष्ट वर्षांच्या आहेत, एका गुडघ्यावर पट्टा बांधतात, आणि माझं फ्रेंच चुकलं की चालता चालता थांबून सुधारतात. म्हणून आमचा तांडा फार थांबतो.

मार्चमधलं आता उकरत नाही. मी तुला सांगितलं होतं, प्राध्यापक आपल्या डोंगरी बोलण्याची नक्कल करायचे, माझं भांडण झालं, मी सोडलं. तू म्हणालास, "खेचरंच हाकायची होती तर मला एवढी वर्षं कशाला राबवलंस?" आणि दार आपटलंस. आपल्या घराण्यात दारं आपटायची रीतच आहे, बाबांपासून. मी पायरीवर अर्धा तास बसलो होतो. आत वहिनी काहीतरी समजावत होती आणि तू "नाही, नाही" म्हणत होतास. सगळं ऐकू येत होतं.

शनिवारी दुपारी आम्ही अस्समरला पोचू. झायदकाकांच्या घरी.

दादा, बाबा आता नाहीत. मोठा तूच. तू मागणीची साखर घेऊन ये. रागावून ये, माझ्याशी न बोलता ये, पण ये.

सक्कू


मंगळवार, ७ मे
तिम्झ्रित, बाजाराचा दिवस

दादा,

इद्दर ट्रकवाल्याने दुपारी मला हाक मारली आणि सीटखालून ती काढली. निळ्या कागदात घट्ट गुंडाळलेला साखरेचा सुळका, दोन किलोंचा, वर तुझी ती शाळेतल्या वह्यांना बांधतोस तशी दुहेरी गाठ. मी गाठच ओळखली आधी.

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी नाही. तोंडी सांगितलंय. थांब, आठवू दे." मग त्याने चहा मागवला. मग त्याला भाकरी आणि लोणीही लागलं. मग म्हणाला, "शनिवारी येतो म्हणाला. तोवर साखर जप म्हणाला. आणि म्हणाला, त्याला सांग, सावकाश."

"सावकाश काय?"

"एवढंच. सावकाश. दोनदा म्हणाला. का तीनदा."

मला रडू आलं होतं, पण ते इद्दरसमोर येऊन कसं चालेल? तो साऱ्या खोऱ्याला सांगत सुटेल. मी करडीचा पट्टा आवळत बसलो.

इथवर चांगलं होतं. इथेच ही चिठ्ठी संपवून त्याच्या हाती द्यायला हवी होती.

मसाल्याच्या गोणीपाशी तुदाची मावशी भेटली, इझ्झामावशी. टोपलीत मेंदी, बदाम, नवे पेले. मी विचारलं, काय मावशी, ईद तर होऊन गेली? तर म्हणाली, "गुरुवारी पाहुणे येतायत ना आमच्या झायदकडे. खालच्या खोऱ्यातले. मुलगा अगादीरला दुकानात आहे. तुला माहीत नाही? तू तर सगळा डोंगर हिंडतोस!" मग तिचं लक्ष माझ्या हातातल्या निळ्या कागदाकडे गेलं. हळूच म्हणाली, "शनिवार गुरुवारनंतर दोन दिवसांनी येतो, पोरा."

दादा, मी काही हवेत बोलत नाहीये. एप्रिलमध्ये आम्ही अस्समरला उतरलो होतो तेव्हा तुदा पाणी भरायला निघाली आणि मी मागे गेलो. मी काहीतरी बडबडलो, काळीज वगैरे. ती म्हणाली, "काळीज राहू दे जागेवर. विचारायचं तर माणसासारखं विचार. साखर घेऊन, मोठ्या माणसाला घेऊन. आणि माझ्या बापाला घाई चालत नाही." याचा अर्थ 'हो' होत नाही का? मी महिनाभर उलटसुलट करून बघितलंय. होतो.

आता तूच सांग, शनिवारपर्यंत थांबून काय उरणार? त्यांनी त्या लोकांची साखर फोडून चहात घातली की संपलं. मग तू आलास तरी आपला सुळका निळ्या कागदासकट तुझ्या हातात परत देतील, आणि तो बगलेत घेऊन तुला सगळ्या गावातून चालत जावं लागेल.

वहिनीसाठी बाबा बसले होते ते आठवतं? तिच्या बापाने मुद्दाम उत्तर लांबवलं. सकाळपासून दुपार झाली, बाबांना लघवी लागलेली, चेहरा लाल, पण चटई सोडली नाही. साखर ठेवली की उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही. उठलं की मागणी उठली. तू दाराआडून बघत होतास आणि मी तुला चिमटे काढत होतो. बाबा नंतर आयुष्यभर सांगायचे, तुझ्या वहिनीची किंमत माझ्या मूत्राशयाला विचारा.

आणि रीत हीसुद्धा आहे, की ज्याची साखर चटईवर आधी, त्याला उत्तर आधी.

मी गुरुवारी पोचणार. कसं ते बघतो.

सक्कू


बुधवार, ८ मे
अगर्द, खिंडीच्या पायथ्याशी

ही चिठ्ठी द्यायला इथे कुणी नाही. तरी लिहितो. बसवत नाही.

बेत असा होता, की उद्या पाहुण्यांना विश्रांती. परवा खिंडीच्या अलीकडे मेंढपाळांच्या निवाऱ्यात मुक्काम, आणि शनिवारी खिंड ओलांडून अस्समर. मी पाहुण्यांना सांगितलं, शुक्रवारी हवा बिघडणार आहे, म्हणून उद्या पहाटे निघून एका दमात पार करू. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं. अस्सूकाकाने आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घोड्यावर बसून आलायस तू," तो म्हणाला. "बरं. पण खेचरं तरी चालू देत. आणि ती बाई?"

"बाई चालतात."

"चालतात. त्यांच्या पायांनी चालतात. तुझ्या नाही."

वाटाड्याने शेवटच्या माणसाच्या चालीने चालायचं, हे मला त्यानेच शिकवलं. तो उठून खेचरांना चारा घालायला गेला.

जेवणानंतर ओदीलबाई अक्रोडाखाली गुडघ्याला तेल चोळत होत्या. मला बोलावलं. "शुक्रवारी हवा बिघडणार, हे तुला कुणी सांगितलं?"

"डोंगरातल्या माणसाला कळतं, बाई."

"मी पस्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात," त्या म्हणाल्या. "तिचं नाव काय?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. तुला इतक्या महिन्यांत सांगता आलं नाही ते परक्या बाईला भाकरीचा तुकडा संपायच्या आत सांगितलं. त्यांनी तेलाची बाटली बंद केली आणि म्हणाल्या, "मग लवकर झोपायला हवं."

दादा, एक राहिलं. प्राध्यापकाचं खोटं होतं. कुणी नक्कल केली नाही, भांडण झालं नाही. मी पेपर हातात घेतला, पहिला प्रश्न येत होता, दुसराही येत होता. खिडकीतून बर्फ दिसत होतं आणि माझ्या पायांना खाज सुटली. उठलो. झालं एवढंच. एवढंच होतं म्हणून सांगता आलं नाही. भांडण असतं तर तुला राग तरी नीट आला असता.


गुरुवार, ९ मे
अस्समर, झायदकाकांची बैठकीची खोली. तीन वाजत आलेत.

दादा,

पोचलो. साखर चटईवर आहे. माझी आधी, त्यांची नंतर. पाहुणे सुखरूप आहेत.

तीन पाहुणे सुखरूप आहेत.

खोलीत मी आहे आणि समोर त्या अगादीरवाल्याचा काका आहे, हम्मू नावाचा. त्याच्यापुढे दोन सुळके. तो अधूनमधून घोरतो. मशिदीतले फकीह नमाज आटपून आले की झायदकाका उत्तर देतील, तोवर दोघांनीही हलायचं नाही. वही मांडीवर घेऊन लिहितोय. भिंतीशी चार गाद्या घातल्यात. अस्सूकाकाने निरोप पाठवला होता ना, चार पाहुणे म्हणून. तिन्हींवर सामान पडलंय. चौथीवर लाल घोंगडी घडी करून ठेवली आहे, तशीच. माझी नजर सारखी तिच्यावर जाते.

नीट सांगतो.

पहाटे निघालो. मी पुढे. मागे वळून बघितलं की पाय मंदावतात म्हणून बघत नव्हतो. खिंडीच्या माथ्यावर नऊ वाजता पोचलो तेव्हा तिघेच मागे होते. अस्सूकाका आणि ओदीलबाई बर्फाच्या पट्ट्याखाली बसलेले. मी उतरून गेलो. बाईंचा गुडघा फिरला होता, पट्ट्याच्या वर चांगला सुजलेला. काका म्हणाला, "हळूहळू नेतो मी. तासभर शेकू दे." बाई म्हणाल्या, "तू जा."

मी गेलो नाही, असं लिहिणार होतो. मी लगेच गेलो. त्यांनी मला थांबवलं ते फक्त एका गोष्टीसाठी. पिशवीतून कंगवा काढला, "असा जाणार मुलगी मागायला?" म्हणून माझे केस विंचरले, बर्फात बसून, दुखत्या पायाने, आणि कंगवा माझ्या खिशात घातला.

एक खेचर ठेवायला हवं होतं. तिन्ही माझ्यापाशी माथ्यावर होती. झायदकाकांना मी सांगितलं, खेचरं एकमेकांना सोडून राहत नाहीत. ते खोटं आहे. एक ठेवायचं तर ओझं उतरवा, दोन्हींवर वाटा, पुन्हा बांधा. अर्धा तास गेला असता. मी अर्धा तास वाचवला, दादा. हम्मूच्या आधी मी बरोबर तेवढाच पोचलो.

घोंगड्या ओझ्यातच राहिल्या. त्यांच्याजवळ एकच आहे, काकाच्या खांद्यावरची.

झायदकाकांनी दारात गाद्यांचा हिशेब माणसांशी जुळवला. "चौथा?"

"बाई मागून येतायत. अस्सूकाका आहे."

"बरं." मग साखरेकडे बघून, "ही कुणाची?"

"माझी. म्हणजे दादाची."

"दादा कुठाय?"

"शनिवारी येतोय."

"माणूस शनिवारी येतो आणि त्याची साखर गुरुवारी," ते म्हणाले. "चालायला लागलीय का साखर?" पण चटई टाकायला सांगितली. रीत आहे. ठेवलेली साखर कुणी लोटत नाही.

मग तुदा किटली घेऊन आली. माझ्याकडे बघितलं नाही. चहा ओतताना हळू विचारलं, "बाईंसाठी खेचर कुठलं ठेवलंस?"

मी पेला धरला.

"कुठलं?"

मी चहा प्यायलो. भाजला. तिने किटली उचलली आणि गेली. एवढंच. तेव्हापासून अडीच तास झाले, ती या खोलीत आलेली नाही.

आत्ता गडगडलं. खिडकीतून खिंड दिसत नाही. आलो तेव्हा दिसत होती, आता तिथे काळं आहे. शुक्रवारी हवा बिघडेल म्हणालो होतो. माझ्या थापेपेक्षा देवाला घाई.

गारा. अंगणात बदामाएवढ्या. फोटोवाला दारात येऊन ओदीलबाईंबद्दल विचारून गेला. नवराबायको आले, तेही विचारून गेले. मी दोन्ही वेळा म्हणालो, "काका डोंगर ओळखतो." काका डोंगर ओळखतो हे खरं आहे. काका बासष्ट वर्षांचा आहे हेही खरं आहे.

झायदकाका आले. माझ्यासमोर उकिडवे बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्याशी मला बोलता येतं. म्हणाले, "पाहुणा मानेवर असतो. तो उतरेपर्यंत माणसाने मान हलवू नये. तू पाहुणा डोंगरात ठेवून माझी मुलगी मागायला आलास. उद्या तिलाही कुठे ठेवशील, अर्धा तास वाचवायला?"

मी तडकलो. म्हणालो, "तुम्हाला नाहीच म्हणायचंय तर आत्ता म्हणा. म्हणजे मला उठता येईल!"

"मी अजून काहीच म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "उठायला तुझे पाय मी बांधलेत का?" आणि सुस्कारा टाकून उभे राहिले. "दोन पोरं पाठवतोय वर. पण त्यांना वाट सांगायला हवी. निवाऱ्याखाली की बर्फाखाली, हे तुलाच ठाऊक."

हम्मू जागा झाला होता. "बस रे बस," म्हणाला. "गारा थांबतील. म्हातारा आहे सोबत. आणि उठलास तर उठ बाबा, आम्हाला पाय पसरता येतील."

मी बसलो. हे तुला लिहायलाच हवं. ऐकूनही मी आणखी थोडा वेळ बसलो. निळ्या कागदावरची तुझी गाठ बघत होतो. वाटत होतं, बाबा एवढे बसले, मला का बसता येऊ नये? मग लक्षात आलं, बाबा बसले तेव्हा डोंगरात कुणी नव्हतं. आणि मुळात बसले ते बाबा होते. तू दाराआड होतास. मागणारा नवरा कधीच चटईवर बसत नाही, मोठा माणूस बसतो. मी घाईत तुझ्या जागेवर बसलोय.

झायदकाकांना हाक मारून हेच सांगितलं. चटई दादाची आहे, मी नुसती धरून होतो, शनिवारी तो बसेल.

"हे भावाने ठरवलं की तू?"

"मी."

"कधी?"

"आत्ता."

हम्मू मोठ्याने हसला. झायदकाका हसले नाहीत. म्हणाले, "फकीह येऊ देत. रिकाम्या चटईला काय उत्तर द्यायचं असतं ते त्यांना विचारू." तेवढ्यावर मला जावं लागणार आहे. तो 'हो' नाही. मी उलटसुलट करून बघितलं, या वेळी नाही होत.

वही साखरेखाली ठेवतोय, म्हणजे शनिवारी तुला मिळेल. अगर्दची चिठ्ठीही यातच आहे. सुळका फोडलेला असेल तर तू समजशील. निळ्या कागदात तुझ्या हातात परत दिला, तर घे, आणि त्यांच्यावर चिडू नकोस. तो मी दिला होता, तू नाही. खाली उतरताना बगलेत लपवू नकोस. तुझ्या हातून गेलेला नाही तो.

कंगवा बाईंना परत द्यायचाय.

खिडकीखाली कोणीतरी आहे. करडीवर दोन घोंगड्या बांधून झाल्यात, ती लाल त्यांत नाही, ती अजून इथेच गादीवर आहे; ती मी घेतो. तुदा डोक्यावर पोतं घेऊन गारांत वाकून बसलीय. करडीचा मागचा पाय तिच्या गुडघ्यावर, हातात ती पिन. मान वर न करता म्हणाली, "चारही खूर बघितलेत. कशाची वाट बघतोयस?"

वारा आत शिरतोय, चूल विझेल. उठलो, दादा. दार आपटत नाही. नुसतं ओढून घेतो.